घरातली एकुलती सॅलरी स्लिप

४ नोव्हेंबर, मंगळवार

मिळाली! सकाळी अकराला मेल आला. ड्युटीवर होते, म्हणून लिननच्या खोलीत जाऊन दार लावून वाचला. आयसीयू इन्चार्ज सिस्टर. खारघरचं नवं मोठं हॉस्पिटल. पगार आत्ताच्या जवळजवळ दुप्पट. पण मी आधी तिसरं पान उघडलं. 'पालकांचे उपचार.' आहे! ऑपरेशनं धरून.

म्हणजे आईचे गुडघे. दोन्ही.

अठ्ठावीस वर्षं ती पनवेलच्या मच्छी मार्केटात पाटावर बसली, गुडघे दुमडून, समोर कोयता. आता विचुंब्याच्या या भाड्याच्या खोलीत बेडवरून संडासापर्यंत जायचं तरी भिंत धरते. घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. पगार ऐकला, पद ऐकलं, आणि विचारते काय – "तितं बसाला खुर्ची मिलंल ना तुला?"

मिळेल म्हटलं. मग ऑपरेशनचं सांगितलं. तिने गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, एकवीरेच्या पायऱ्या चढून सहा वर्षं झाली.

हजर व्हायची तारीख ८ डिसेंबर. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे – पडताळणीच्या अधीन. माझ्याबरोबरची सिस्टर कुमुद म्हणाली, ते सगळीकडेच असतं.

७ नोव्हेंबर

राजीनामा दिला. अकरा वर्षं या नर्सिंग होममध्ये. डॉक्टरांनी कागद वाचला, घडी घातली. महिनाभराची नोटीस पूर्ण करा म्हणाले, एवढंच. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

पडताळणीच्या एजन्सीला सगळं पाठवलं. जीएनएमचं नर्सिंग सर्टिफिकेट, कौन्सिलची नोंदणी, आधार, पॅन. मोबाईलवर एक लांबलचक संमतीपत्र आलं. खालपर्यंत न वाचताच 'मान्य' दाबलं. कोण वाचतं?

१५ नोव्हेंबर

एजन्सीचा माणूस दुपारी घरी येऊन गेला. मी ड्युटीवर. आईने त्याला बसवला, चहा दिला, त्याचं गाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं. तो काय विचारत होता म्हटलं तर म्हणे, "तुजी वागनूक. मी बोल्ले, माजी पोर कुनाचा रुपया ठेवत नाय."

जाताना त्याला बोंबील बांधून दिले! आता हे लाचेत धरतील, असं मी म्हटलं. आई हसली. खूप दिवसांनी दात दिसले तिचे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हॉस्पिटलच्या एचआरमधून कीर्ती मॅडमचा फोन. पंचविशीची असेल, आवाज गोड. "मॅम, एक पॉइंट आलाय."

माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, पाचशे एकसष्ट आहे; फारच कमी. २०१८ चं एक कर्ज माझ्या नावावर आहे. एकोणीस हप्ते भरलेले नाहीत. कर्ज देणाऱ्या कंपनीने ते बुडीत खात्यात टाकलं आहे.

मी म्हटलं, काहीतरी चूक आहे. ते फिटलंय. ती म्हणाली, "मॅम, रिपोर्ट माझ्यासमोर आहे."

मग तिने समजावून सांगितलं, शांतपणे. साध्या स्टाफ नर्सचं एवढं बघत नाहीत. पण इन्चार्जकडे नार्कोटिकच्या, म्हणजे नशेच्या औषधांच्या, कपाटाची चावी असते. मॉर्फिन, फेंटानिल. शिवाय महागड्या स्टेंटचा साठा. ज्याच्यावर कर्ज बुडवल्याचा शिक्का आहे त्याच्या हाती चावी देत नाहीत. "पॉलिसी आहे मॅम. तुमच्यावर पर्सनली काही नाही."

तशीच चावी त्या वेळी माझ्या कमरेला पिनेने अडकवलेली होती. अकरा वर्षं आहे.

२८ तारखेपर्यंत कर्ज फिटल्याचं पत्र द्यायचं. नाहीतर ऑफर रद्द.

२० नोव्हेंबर

पेशंटचं हँडओव्हर देतो तसं क्रमाने लिहिते. म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

आमच्या गावात – उरणच्या बाजूला, खाडीकाठी – कुणा एकाच्या घरी लग्नातलं मोठं टोप असायचं. सगळं गाव ते न्यायचं, घासून परत आणायचं. आमच्या नात्यात माझी सॅलरी स्लिप म्हणजे ते टोप. पगारी माणूस मी एकटी. मामाचा फ्रिज, काकीच्या मुलाचा मोबाईल, सगळं माझ्या नावाने. 'स्लिप दे गो जरा' – मीठ मागावं तसं. आणि सगळ्यांनी परत केलं. एक पैसाही कुणी बुडवला नाही.

परेशचं कर्ज तेवढं मोठं. माझा धाकटा भाऊ. बाबा गेल्यावर बोट त्याच्याकडे आली, इंजिन मेलेलं. नव्या इंजिनासाठी मी दीड लाख काढले. छत्तीस हप्ते. पहिले सतरा माझ्याच पगाराच्या खात्यातून परस्पर कापले गेले. त्याला म्हटलं होतं, तुझा जम बसू दे, मग बघू.

जानेवारी २०२० मध्ये डॉक्टरांनी सगळ्यांचे पगार दुसऱ्या बँकेत वळवले. तेव्हा मी परेशला फोन केला – आता जुन्या खात्यात पैसे पडत नाहीत, पुढचे हप्ते तू स्वतः भर. तो म्हणाला, "भरतो ताई." मार्चमध्ये लॉकडाऊन. मी सात महिने कोविडच्या ड्युटीवर, हॉस्टेलवरच. तिथे फोन सॅनिटायझरने मेला, नवा नंबर घेतला. कंपनी जुन्या नंबरावर ओरडत राहिली असणार. नोटिसा गावच्या बंद घराच्या दारात पडल्या असणार.

आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही. भावाला काय हप्त्याची पावती मागायची? तीन वर्षं उलटली, मी धरून चालले की फिटलं.

आईला काही सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जासईला गेले होते. परेशने बोट केव्हाच विकली, आता कंटेनर यार्डात रोजावर आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या टपरीवर भेटला. पिवळं जाकीट, भुवयांवर धूळ. एकामागून एक ट्रेलर जात होते, बोलणं ऐकू येईना.

मला बघून खूश झाला. ताई, चहा सांगू? नोकरीचं आईने कळवलं होतं त्याला. टपरीवाल्याला म्हणाला, ही माझी बहीण, मोठ्या हॉस्पिटलात मेन सिस्टर.

मी सरळ विचारलं. ते एकोणीस हप्ते भरलेस का?

"दिलं ना ताई. सगलं दिलं. एक पन चुकवला नाय."

पावती?

पावती नाही म्हणाला.

मग कंपनीकडे काहीच कसं आलं नाही, माझ्या नावावर बुडवल्याचा शिक्का कसा, असं विचारलं. रिपोर्ट दाखवला. त्याने मोबाईल हातात घेतला, खूप वेळ बघत राहिला. एक ट्रेलर गेला, दुसरा गेला. त्याचा चेहरा बदलत गेला – मी बघितलं ते. मग मोबाईल परत दिला.

"नाय भरलं ताई. माजी चूक झाली."

आत्ता तर दिले म्हणालास!

"खोटं बोल्लो."

मग मी बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते – आईचे गुडघे तू खाल्लेस असं म्हणाले. बाबा असते तर तुला बोटीवर पाय ठेवू दिला नसता असं म्हणाले. आजपासून मला ताई म्हणू नकोस असंही. तो जमिनीकडे बघत उभा. एकदाही उलटून बोलला नाही.

निघताना त्याची बायको सोनम खोलीवरून धावत आली. हातात सुकटीची पिशवी, आईसाठी. मी ती टपरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि रिक्षात बसले.

२४ नोव्हेंबर

कर्जाच्या कंपनीचं पनवेलचं ऑफिस बंद झालंय. तिथे आता केकचं दुकान. खातं दुसऱ्याच कंपनीला विकलं म्हणे. तिचं ऑफिस हुडकत तीन जिने चढले.

दंड, व्याज धरून दोन लाख अडतीस हजार. माझ्याकडे बेचाळीस आहेत.

काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. पाणी दिलं. म्हणाला, पूर्ण भरलं तरी पत्र मिळायला महिना. रिपोर्टमध्ये दिसायला आणखी दीड महिना. आणि बुडवल्याची नोंद लगेच जात नाही, वर्षानुवर्षं मागे दिसत राहते.

म्हणजे आज कुणी माझ्या पदरात अडीच लाख ओतले तरी २८ तारखेला काही होत नाही.

जिना उतरताना मधल्या पायरीवर बसले. एक बाई म्हणाली, चक्कर आली का? मी म्हटलं, मी नर्स आहे, मला कळतं.

२५ नोव्हेंबर

डॉक्टरांना भेटले. राजीनामा मागे घेता येईल का?

मला बसायला सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, तुमच्या जागी मुलगी घेतली, सोमवारपासून आलीय. निम्म्या पगारावर. "आधी बोलायचं ना, सिस्टर."

काय बोलायचं होतं आधी?

कुमुदने डब्यातली पोळी अर्धी मोडून माझ्या हातात दिली. काही विचारलं नाही. दहा वर्षं एकत्र काम केल्याचा हा फायदा.

२६ नोव्हेंबर

आईने मार्केटातल्या शशिकला मावशीला फोन करून ऑपरेशनचं सांगितलं. मावशीने सगळ्या ओळीला सांगितलं. आता रोज कुणाचा ना कुणाचा फोन. एक म्हणे, डावा आधी करून घे, डावा पाय लक्ष्मीचा. दुसरी म्हणे, उजवा. आई पलंगावर बसून निवाडा करते.

मी भात उतरवते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेअकराला कीर्ती मॅडमचा फोन. ऑफर रद्द. तिला खरंच वाईट वाटत होतं, आवाजावरून कळलं.

मग म्हणाली, "मॅम, एक सजेस्ट करू? आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टच्या सिस्टर्स पण असतात. त्या माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून येतात. तिथे क्रेडिट चेक नसतो."

कुठे काम असतं त्यांना?

"आयसीयूमध्येच, मॅम."

पगार सोळा हजार. आईवडिलांचा उपचार नाही. वर्षाने ठेवायचं की नाही, एजन्सी सांगेल तसं. तेच पेशंट, तीच व्हेंटिलेटरं, तीच मॉर्फिनची सुई माझ्याच हातून टोचायची. फक्त कपाट दुसरी कुणी उघडून देईल.

मी हसले. तिला वाटलं मी रडतेय. म्हणाली, "प्लीज मॅम, रडू नका."

कळवते म्हटलं.

३० नोव्हेंबर

काही नाही.

२ डिसेंबर

आज एका आजोबांची शीर कुणाला मिळेना. दोघींनी टोचून टोचून हात काळानिळा केला. मला बोलावलं. मी हात हातात घेतला, डोळे मिटून बोटांनी शोधलं, एका सुईत लाईन लागली. आजोबा म्हणाले, "तुम्ही आधी का नाही आलात?"

पूर्वी असं झालं असतं तर घरी येऊन आईला सांगितलं असतं. आज सांगितलं नाही. पाचशे एकसष्टच्या हाताने लावलेली लाईन.

असं काहीबाही मनात येतं हल्ली. मी अशी नव्हते.

परेशचे चार फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

३ डिसेंबर

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती बघितल्या, मोबाईलवर पाहिलं, चार ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी मोठी पदं आहेत, दोन्हीकडे पडताळणी. तिसरीकडे घरी राहून म्हाताऱ्या बाईला सांभाळायचं, चोवीस तास. म्हणजे माझ्या म्हाताऱ्या बाईला कुणी सांभाळायचं?

चौथीकडच्या बाईंनी वय विचारलं. छत्तीस म्हटलं. लग्न? नाही म्हटलं. "मग तुम्हाला काय, एकटा जीव." फोन ठेवला.

आज पहिल्यांदा वाटलं, बाबा गेले तेव्हा बोट खाडीतच बुडू द्यायला हवी होती.

५ डिसेंबर, शुक्रवार

शेवटचा दिवस. नव्या मुलीला नार्कोटिकचं कपाट दाखवलं. रजिस्टर उघडलं. मॉर्फिनचे अँप्यूल सात, फेंटानिल पाच. तिने मोजले, मी मोजले. सही केली. पिन काढून चावी तिच्या हातात दिली.

अकरा वर्षांत एक अँप्यूल कमी भरला नाही. असं कुठल्या रिपोर्टमध्ये लिहून येत नाही.

मुलगी बावीसची. चावी कुठे लावू विचारत होती. मी तिच्या कमरेला लावून दिली. म्हटलं, इथे लाव, म्हणजे झोपेतही कळतं.

केक आणला होता कुमुदने. सगळे म्हणाले, खारघरला गेल्यावर आम्हाला विसरू नका. कुमुद खिडकीबाहेर बघत होती.

६ डिसेंबर, शनिवार

आईला सांगितलं. सांगावंच लागलं. तिने सोमवारसाठी माझी पांढरी ओढणी धुऊन, कडक करून, उशाखाली घडी घालून ठेवली होती.

सगळं सांगितलं. नोकरी गेली. जुनीही गेली. ऑपरेशन नाही. परेशने कर्ज फेडलं नाही, म्हणून.

रडेल असं वाटलं होतं. परेशला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं, किती हप्ते?

एकोणीस.

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. एकदा मोजून झालं, परत पहिल्यापासून मोजलं. मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जेवली नाही. पण जागी होती.

मला वाटलं होतं, सांगितलं की निदान मोकळं वाटेल. तसं काही होत नाही.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी दळण टाकून आले तर आई ओट्यापाशी खाली बसलेली. त्या गुडघ्यांनी, एकटी, कशी बसली कोण जाणे. मांडीत सुकटीचा मोठा डबा. त्यात कोपरापर्यंत हात. चोर या डब्यात हात घालत नाय, असं ती नेहमी म्हणते. तळातून फडक्याची पुरचुंडी काढली, माझ्यापुढे धरली.

दोन पाटल्या. एकेक तोळ्याची.

"परेश आनून देयाचा, दर मैन्याला. आये, ताईच्या कर्जाचं हाय, बँकेत टाक, बोलायचा. मी बोल्ले, बँक तर तुज्या पगारातून कापते. मंग ह्यो पैसा तुजाच ना? म्हनून सोन्यात घातला. तुज्या लग्नाला काडनार होते. एकोनीस येला आला पोरगा. एक पन मैना चुकला नाय."

टपरीवर रिपोर्ट बघताना परेशचा चेहरा बदलला होता. त्याला तेव्हाच कळलं होतं, पैसे आईपाशी थांबले. लॉकडाऊनमध्ये घरात खर्चले असतील, असंच वाटलं असणार त्याला. म्हणून 'खोटं बोल्लो' म्हणाला. आईचं नाव आलं नाही तोंडातून.

पाटल्या घातल्या. सुकटीचा वास येतो. मापाच्या आहेत.

आई खालून बघत होती. "सोनं दुप्पट झालं गो तवापासून. आता तरी ठेवतील ना तुला?"

मी म्हटलं, ठेवतील.

जासईची गाडी साडेदहाला आहे.